जोडीचा सोस आणि थव्याचा मासा

गेल्या कांहीं वर्षांत पुण्या-मुंबईकडच्या आणि नागपूर-कोल्हापुराकडच्याही सुशिक्षित घरांच्या बैठकीच्या खोलींत एक नवी वस्तु येऊन बसली आहे. ज्या कोपऱ्यांत पूर्वीं ग्रामोफोन असे, मागाहून रेडिओ आला आणि त्याच्या पाठोपाठ दूरदर्शनचा खोका आला, त्या कोपऱ्यांत आतां कांचेची एक पेटी असते. तींत पाणी, तळाला निळ्या रंगाचे खडे, प्लॅस्टिकचा एक किल्ला, बुडबुडे सोडणारा एक पाणबुड्या, आणि या सर्व वैभवाच्या मधून फिरणारे दहाबारा मासे. यजमान पाहुण्याला ती पेटी मोठ्या कौतुकानें दाखवितात. हे दोन निऑन, हे दोन वाघासारख्या पट्ट्यांचे, हे दोन झेब्रे, ही काळ्या झालरीची जोडी, अशी एकेकाची ओळख करून देण्यांत येते, आणि पाहुणा मान डोलावतो. आमचा वाद आहे तो या यादींतल्या एकाच शब्दाशीं. तो शब्द म्हणजे 'जोडी'.

मासे पाळणें हें पाप आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तसें म्हणणारे लोक आहेत, त्यांचा समाचार पुढें घेऊं. मासे पाळणारे लोक निर्दय असतात असेंही आमचें म्हणणें नाहीं. निर्दय माणूस पेटीपुढें खुर्ची ओढून तासभर बसत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच आहे, कीं जे लहान मासे निसर्गानें थव्यानें राहण्यासाठींच घडविले, त्यांतले दोन-दोन उचलून सहा जातींचें संमेलन भरविणें हा अडाणीपणा आहे. तो शिकल्यासवरल्या घरांत चालतो, आणि त्याचें फळ त्या मुक्या जिवांना रोज भोगावें लागतें. असा मासा पाळावयाचा तर एकाच जातीचे दहाबारा पाळावे. तें जमत नसेल तर पाळूं नये.

हा जोडीचा सोस आमच्या लोकांच्या हाडींमांसीं खिळला आहे. देवापुढें समया जोडीनें, आहेर जोडीनें, दारावरचे हत्ती जोडीनें. आदिकवीच्या क्रौंचापासून संस्कृत काव्यांतल्या चक्रवाकापर्यंत आमचीं पांखरें जोडीनें सुखी आणि ताटातुटीनें दुःखी. सारस पक्षी खरोखरच जोडीनें राहतो, तेव्हां पांखरांपुरतें कवींचें म्हणणें कोठें कोठें बरोबरही आहे. पण पांखरांविषयीं ऐकलेलें माशांना लावावयाचें, याला आधार काय? निऑन नांवाच्या माशाची गोष्ट घ्या. हा दीड इंचाचा, अंगावर निळी चमकती रेघ आणि खालीं तांबडा पट्टा असलेला जीव दक्षिण अमेरिकेंत ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यांतल्या ओढ्यांत मोठमोठ्या थव्यांनीं असतो. त्याच्यांत नर कोणता आणि मादी कोणती हें जाणत्यालाही चटकन सांगतां येत नाहीं; मादी पोटाशीं थोडी फुगीर असते, इतकेंच. दुकानदार जाळ्यांत येतील ते दोन पिशवींत घालतो. जोडपें म्हणून घरीं आणलेल्या त्या दोघांत दोघेही बुवा किंवा दोघीही बाया असण्याचा संभव जवळजवळ निम्मा असतो. आणि खरोखरच एक नर व एक मादी निघाली, तरी त्यांना संसार थाटावयाचा नसतो. विणीच्या वेळीं पानांत अंडीं टाकून तीं मोकळीं होतात. अंडीं समोर राहिलीं तर खाऊनही टाकतात. ज्या प्राण्याला घरसंसार ठाऊक नाहीं त्याला आम्हीं घरजोडी करून दिली, आणि ज्या संगतीवांचून त्याचें पान हालत नाहीं ती मात्र काढून घेतली.

थवा म्हणजे गर्दी नव्हे. दादरच्या पुलावर सायंकाळीं माणसांची गर्दी असते; तींत प्रत्येकजण दुसऱ्याला अडथळा मानतो. थव्यांतल्या माशाला शेजारी हा आधार असतो. थव्याला पुढारी नाहीं, अध्यक्ष नाहीं, ठराव नाहीं. आमच्या सार्वजनिक संस्थांतल्या मंडळींना ही गोष्ट समजावयास जड जाईल, पण ती खरी आहे. प्रत्येक मासा आपल्या जवळच्या दोनचार शेजाऱ्यांवर डोळा ठेवून असतो. शिवाय कल्ल्यापासून शेपटीपर्यंत माशाच्या कुशीवर स्पर्शाच्या बारीक इंद्रियांची एक ओळ असते, तिला पार्श्वरेषा म्हणतात. तिच्या योगें शेजाऱ्यानें हालविलेलें पाणी त्याला अंगावर कळतें. एक वळला कीं त्याच्या शेजारचा वळतो, त्याच्या शेजारचा वळतो, आणि पाहणाऱ्याला वाटतें कीं एकच मोठें अंग वळलें. त्यांत शत्रूची फसगत होते. एकावर नजर ठरवावी तों तो दहांत मिसळून जातो. डब्ल्यू. डी. हॅमिल्टन या इंग्रज जीवशास्त्रज्ञानें १९७१ सालीं या प्रकाराचें गणित मांडलें. कळपांतला प्रत्येक जीव आपल्या व संकटाच्या मध्यें दुसरा कोणी असावा अशा बेतानें सरकत राहतो, आणि त्या सरकण्यांतूनच कळप दाट होतो, असा त्याच्या सिद्धांताचा मथितार्थ आहे. हा विचार उदात्त नाहीं, पण उपयोगी आहे. आतां वाचकांनींच हिशेब करावा. दहांच्या थव्यांत आपल्या आणि संकटाच्या मध्यें नऊ जण असूं शकतात; जोडींत एक; आणि जोडींतला एक मेला कीं कोणीच नाहीं. मधमाशांच्या भाषेसाठीं जगप्रसिद्ध झालेले कार्ल फॉन फ्रिश यांनीं १९३८ सालीं दाखवून दिलें, कीं थव्यांतल्या एका लहान माशाच्या कातडीला जखम झाली तर तींतून पाण्यांत एक द्रव्य उतरतें, आणि त्याचा वास येतांच बाकीचे सावध होऊन एकमेकांना बिलगतात. म्हणजे या जातींची भीति सामाईक, धीरही सामाईक.

हें सारें जंगलांतलें झालें. कांचेच्या पेटींत शत्रु कोठें आहे, असा प्रश्न कोणी विचारील. शत्रु नाहीं हें आपणांस ठाऊक आहे. माशाला तें कोणीं सांगितलें? त्याच्या मेंदूला शेजारी मोजण्याची संवय लागली आहे, ती पेटी विकत घेतल्यानें सुटत नाहीं. हा आमचा अलंकार नव्हे. फ्रँकफुर्ट येथील मॅक्स प्लँक मेंदू-संशोधन संस्थेंतल्या मंडळींनीं २०२० सालीं प्रसिद्ध केलेलें एक संशोधन मत्स्यपेटी ठेवणाऱ्या प्रत्येक घरांत वाचून दाखवावें अशा योग्यतेचें आहे. त्यांनीं झेब्रा माशांचीं पिलें कांहीं एकटीं आणि कांहीं समूहांत वाढविलीं, आणि त्यांच्या मेंदूंत कोणकोणतीं जनुकें जागीं आहेत तें पाहिलें. एका जनुकाचें काम भोंवतालच्या सजातीयांच्या संख्येप्रमाणें कमीजास्त होतांना त्यांना आढळलें. एकट्या माशांत तें जवळजवळ निजलेलें, समूहांतल्यांत जागें. एकट्याला चौघांत सोडलें कीं तें वाढूं लागे, चौघांतल्याला एकटें केलें कीं तें उतरूं लागे. आणि यांतली खरी नवलाची गोष्ट पुढेंच आहे. कांचेआडून सजातीय नुसते दिसले तर त्याचा उपयोग होत नसे. पार्श्वरेषेचें काम बंद पाडलें तर सोबत असूनही उपयोग होत नसे. उलट यंत्रानें झेब्रा माशाच्या चालीचें पाणी हालवून दाखविलें, तर सोबत नसतांनाही तें जनुक जागें होई. म्हणजे या तीळभर मेंदूच्या प्राण्याला सोबत डोळ्यांनीं दिसून भागत नाहीं, ती अंगाला जाणवावी लागते. पेटीच्या मागच्या बाजूस आरसा लावला म्हणजे माशांना करमतें अशी जी एक समजूत ऐकूं येते, तिची वासलात यांतच लागली.

यावर एखादा वकिली डोक्याचा वाचक म्हणेल, कीं इतर जातींचे दहा मासे पेटींत असतातच, तेही पाणी हालवितात, मग तक्रार कसली? याचें उत्तर असें कीं, मुंबईच्या आगगाडींत खांद्याला खांदा लागतो म्हणून कोणी तिला आजोळ म्हणत नाहीं. प्रत्येक जातीची पोहण्याची ढब निराळी, पाण्यांतली पायरी निराळी. कोणी वरच्या थरांत भिरभिरतो, कोणी मधल्या थरांत संथ चालतो. आणि एका जातीचे किती असावे याविषयींही केवळ तर्कावर विसंबण्याचें कारण उरलेलें नाहीं. इंग्लंडांतल्या संशोधकांनीं घरगुती पेट्यांत सर्रास असणाऱ्या चार जाती घेऊन, एकेका जातीचे एक, दोन, पांच आणि दहा असे गट करून त्यांच्या वागण्याची नोंद केली. ती २०१० सालीं प्रसिद्ध झाली. निऑन आणि वाघपट्ट्या हे आमच्या दुकानांतले नेहमींचे मासे त्या चारांत होते. जातीजातींत थोडा फरक पडला, पण एकंदर निकाल स्पष्ट आहे: गट मोठा तसा थवा धरण्याकडे कल अधिक, आणि एकमेकांवर धावून जाणें व भेदरून सैरावैरा पळणें कमी. वाघपट्ट्याची तर दुकानांत बदनामीच झाली आहे, कीं हा मासा दुष्ट, दुसऱ्यांच्या झालरी कुरतडतो. दोन-दोन ठेवल्यावर तो कुरतडणारच! दहांच्या टोळींत त्याची सारी मस्ती आपसांत जिरते. ज्याची टोळी आम्हीं मोडली त्यालाच आम्ही गुंड म्हणतों.

घरधन्यांना या गोष्टी दिसत नाहींत असें नाहीं. त्या दिसतात, पण त्यांचा अर्थ उलटा लावला जातो. दोन निऑन किल्ल्याच्या मागें निश्चल उभे असतात, यजमान म्हणतात, "फार शांत मासा आहे हो हा!" तो शांत नसतो, तो लपलेला असतो. त्याच्या अंगावरची निळी रेघ फिकी पडलेली असते; यजमानांना वाटतें दिवा कमी पडला, म्हणून ते दिवा वाढवितात, आणि तो बिचारा आणखी मागें सरकतो. एखादा झेब्रा दिवसभर कांचेला नाक लावून वरखालीं करीत असतो, मुलें म्हणतात, "आपल्याला ओळखतो." चांगल्या पाण्यांत निऑन पांच वर्षें जगूं शकतो. आमच्या घरांत तो किती महिने टिकतो हें ज्याचें त्यानें आठवून पाहावें.

आतां सर्वांत मोठा आक्षेप, म्हणजे जागेचा आणि पैशाचा. शहरांतल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत थवे कोठें ठेवावयाचे, असें विचारतात. हा आक्षेप मांडणाऱ्यांनीं साधी बेरीज केलेली नसते. सहा जातींचे दोन-दोन म्हणजे बारा मासे. एका जातीचे बारा म्हणजेही बारा मासे. पेटी तीच, पाणी तेंच, दाणा तेवढाच, खर्चही जवळपास तेवढाच. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच अशा पेटींत ५४ लिटर पाणी मावतें; खडे आणि वरची रिकामी जागा वजा घातली तरी पंचेचाळीसएक लिटर उरतें. तेवढ्यांत बारा निऑन किंवा बारा झेब्रे सुखानें नांदतात. जातें काय, तर पाहुण्यापुढें म्हणून दाखवावयाची यादी. उलट सहा जातींचें पाणी जुळविणें हेंच खरें कठीण काम आहे: निऑनला मृदु आणि किंचित् आम्ल पाणी मानवतें, चीनमधल्या कँटनजवळच्या व्हाइट क्लाउड डोंगरांतून आलेल्या माशाला थंड पाणी लागतें, मुंबईच्या मे महिन्यांत तो शिजल्यासारखा होतो. संग्रह करण्याची हौस ज्यांना आहे त्यांनीं टपालाचीं तिकिटें जमवावीं. तीं दोन-दोन ठेवलीं तरी त्यांना कांहीं होत नाहीं.

पेटीऐवजीं कांचेचा गोल गडू ठेवण्याची जी टूम आहे तिच्याविषयीं फार लिहावें असें वाटत नाहीं. त्यांत पाणी चारपांच लिटर, वर तोंड आकसलेलें, म्हणून हवेशीं पाण्याचा संबंध थोडा. थव्याला धांवावयास सरळ हातभर वाट नाहीं. रोमच्या नगरसभेनें असल्या गडूंत मासे ठेवण्यास २००५ सालीं बंदी केली. आमच्याकडे तो गडू अजून वाढदिवसाची भेट म्हणून दिला जातो.

पाण्याच्या बाबतींत मात्र थोडें थांबावयास हवें, कारण आमच्या घरांतल्या स्वच्छतेच्या कल्पनाच येथें माशांच्या मुळावर उठतात. माशाच्या श्वासांतून आणि विष्ठेंतून अमोनिया निघतो, तो विषारी. पाण्यांत, खड्यांवर आणि गाळणीच्या स्पंजावर एक प्रकारचे जीवाणु वाढतात, ते त्याचें नायट्राइट करतात, तेंही विषारीच. दुसरे जीवाणु त्याचें नायट्रेट करतात. तें पुष्कळ सौम्य असतें, आणि दर आठवड्याला थोडें पाणी बदललें कीं आटोक्यांत राहतें. हे जीवाणु नव्या पेटींत बस्तान बसवावयास चार ते सहा आठवडे घेतात. आम्ही काय करतों? सकाळीं पेटी आणतों आणि दुपारीं मासे सोडतों. पुढें रविवार आला कीं घरांतले सगळे मिळून पेटी उपसतात, खडे चोळून धुतात, स्पंज नळाखालीं पिळतात, कोणी कोणी तर मिठाच्या पाण्यानें कांचा घासतात, आणि नळाचें ताजें पाणी भरून मासे परत सोडतात. नळाच्या पाण्यांत क्लोरीन असतो. जे जीवाणु मोठ्या कष्टानें जमले होते ते त्यानें मरतात, आणि माशांचे कल्ले होरपळतात ते निराळेच. पेटी चकचकीत दिसते, दोन दिवसांनीं मासे मरूं लागतात. सोंवळ्याच्या घरांत माशांची पैदास टिकत नाहीं असें कोणी गमतीनें म्हणालें तर त्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. पाण्याचा चौथा हिस्सा काढावा, एक दिवस उघडें ठेवलेलें किंवा क्लोरीन मारण्याचें औषध घातलेलें पाणी भरावें, स्पंज काढलेल्या जुन्याच पाण्यांत खळबळून परत बसवावा. याहून अधिक शुचिर्भूतपणा माशाला नको असतो.

पण मासे मेले तरी आमच्याकडे चौकशी होत नाहीं. कारण त्याचें उत्तर आधींच तयार असतें. "घरावरचें अरिष्ट माशानें आपल्या अंगावर घेतलें." ईशान्येला पेटी, तींत आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ मासे, आणि काळा मेला म्हणजे कुटुंबावरचें कांहीं तरी टळलें, हें शास्त्र चीनमधून फेंगशुईच्या नांवानें आलें आणि आमच्या वास्तुशास्त्राशीं त्याची सोयरीक जुळली. तें पदवीधरांच्या घरांत चालतें याचें आम्हांस अत्यंत नवल वाटतें. रसायनशास्त्राची पदवी भिंतीवर आणि तिच्याखालीं अमोनियानें मेलेला मासा, त्याला म्हणावयाचें अरिष्ट! या समजुतीचा खरा तोटा असा कीं ती मनाची टोंचणी काढून घेते. जो मासा आपल्या हयगयीनें मेला त्याला हुतात्मा ठरविलें कीं दुसऱ्या दिवशीं दुकानांत जाऊन त्याच्या जागीं नवा आणावयास माणूस मोकळा झाला.

आतां दुसऱ्या बाजूच्या लोकांकडे वळूं. यांचें म्हणणें असें, कीं मासे पाळणेंच मुळांत क्रूरपणाचें. थवा ठेवा नाहीं तर जोडी ठेवा, कैद ती कैद. या आक्षेपाचा आम्ही आदर करतों. माशाला वेदना होत नाहीं हा जुना समज आतां कोणी फारसा बोलून दाखवीत नाहीं. लीन स्नेडन आणि त्यांचे सहकारी यांनीं २००३ सालीं ट्राउट माशांवर केलेल्या प्रयोगांनंतर तो बोलणें अवघडच झालें आहे. आणि या व्यापारांत खरोखर क्रूर असे प्रकार आहेत. आमच्याच देशांतला एक लहानसा मासा आहे, त्याचें अंग कांचेसारखें पारदर्शक, आंतला कणा बाहेरून मोजावा. हाही थव्यानेंच राहणारा. या निसर्गाच्या कांचकामावर समाधान न मानतां व्यापाऱ्यांनीं सुईनें त्याच्या अंगांत हिरवे-गुलाबी रंग टोंचून तो 'रंगीत कांचमासा' म्हणून विकला. त्यांतले पुष्कळ टोंचतांनाच मरतात, आणि जगलेल्यांचा रंग कांहीं महिन्यांत उडून जातो. असला मासा विकत घेणाऱ्यानें पैसे सुईला दिले, माशाला नव्हे.

परंतु सगळाच व्यापार एका मापानें मोजतां येत नाहीं. सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या, केरळांतल्या वेगवान् ओढ्यांत तांबड्या रेघेचा एक देखणा मासा आहे. फ्रान्सिस डे या अधिकाऱ्यानें १८६५ सालीं त्याचें वर्णन केलें आणि मद्रासचे तेव्हांचे गव्हर्नर डेनिसन यांचें नांव त्याला दिलें. २०१३ सालीं भारतीय संशोधकांनीं त्याच्यासाठीं व त्याच्या एका भावंडासाठीं स्वतंत्र प्रजाति कल्पिली, तिचें नांव 'सह्याद्रिया'. ज्या डोंगराच्या नांवानें आम्ही पोवाडे गातों त्याचें नांव ल्यालेला हा मासा दुकानांत 'मिस केरळ' म्हणून मिळतो, आणि परदेशांतल्या पेट्यांसाठीं तो ओढ्यांतून इतका उपसला गेला कीं संकटग्रस्तांच्या यादींत जाऊन बसला. २००५ ते २०१२ या अवधींत भारतांतून अशा संकटांतल्या तीस जातींचे निदान पंधरा लाख मासे बाहेर गेले, असा त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष आहे. येथें आक्षेपकांच्या बाजूस आम्ही उभे आहों. पण त्यांनीं ब्राझिलांतल्या बार्सेलोस गांवाकडेही पाहावें. रिओ नेग्रो नदीच्या कांठच्या या गांवांत निऑनचा जवळचा नातेवाईक, कार्डिनल, पिढ्यान्‌पिढ्या हातजाळ्यांनीं धरला जातो. तो बुडालेल्या रानांत वाढतो. रान तुटलें तर मासा गेला, मासा गेला तर पोट गेलें, म्हणून रान राखण्यांत तिथल्या कोळ्यांचा स्वार्थ गुंतलेला आहे. त्या गांवांत या शोभेच्या माशांचा उत्सव भरतो, गांवाचे दोन पक्ष पडतात, आणि दोहोंचीं दैवतें दोन मासे! तेव्हां मासा कोठून आला हें न विचारतां सर्वच हौशी लोकांना एका दोरींत बांधणें हा न्याय नव्हे. दुकानांतला निऑन बहुतेक वेळां नदींतला नसतोच. तो पैदाशीच्या हौदांत जन्मलेला असतो. त्याला नदीची आठवण नाहीं. त्याला शेजाऱ्यांची गरज मात्र आहे, आणि ती भागविणें सर्वस्वीं आमच्या हातीं आहे.

मग कोणता मासा ठेवावा, असें आम्हांस विचाराल तर आमचें मत झेब्र्याच्या बाजूचें आहे. गंगेच्या खोऱ्यांतला हा दीडदोन इंचाचा, निळ्या-रुपेरी पट्ट्यांचा मासा फ्रान्सिस हॅमिल्टन यानें १८२२ सालच्या आपल्या गंगेंतल्या माशांवरील ग्रंथांत प्रथम नोंदविला. तोंवर धानाच्या शेतांतल्या आणि डबक्यांतल्या या पोराकडे कोणीं ढुंकून पाहिलें नव्हतें. पुढें अमेरिकेंत ऑरेगॉन विद्यापीठांत जॉर्ज स्ट्रायसिंगर यानें त्यावर काम सुरू केलें, १८८१ नव्हे, १९८१ सालीं त्याचा गाजलेला निबंध आला, आणि आज जगांतल्या शेंकडों प्रयोगशाळांत हा मासा आहे. २०१३ सालीं त्याचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हां माणसाच्या शंभरांपैकीं सुमारें सत्तर जनुकांचा जोडीदार त्याच्यांत सांपडला. हा आमच्या पाण्यांतला मासा आमच्या विद्यार्थ्यांना माहीत आहे तो इंग्रजी पुस्तकांतल्या आकृतींतून. प्राणिशास्त्राच्या परीक्षेंत पार्श्वरेषेचें सुबक चित्र काढणारीं मुलें आम्हीं पुष्कळ पाहिलीं. थवा वळतांना पाहिलेलीं फार थोडीं. आणि गंमत अशी, कीं त्याच झेब्र्याच्या अंगांत सिंगापुरांतल्या प्रयोगशाळेंत परक्या प्राण्याचें चमकणारें जनुक घालून जो प्रकार तयार झाला तो २००३ सालापासून अमेरिकेंत शोभेसाठीं विकला गेला. मूळचा पट्टा ज्याला पुरेसा सुंदर वाटत नाहीं त्यानें खिडकींतल्या दिव्यांच्या माळा पाहाव्या.

झेब्रा काटक असतो. आमच्या हवेंत त्याला पाणी तापविण्याचें यंत्र लागत नाहीं. नळाचें पाणी क्लोरीन काढून घेतलें तर त्याला बहुधा मानवतें. त्याला लागते ती लांब पेटी, कारण तो धांवणारा आहे. पेटीवर झांकण, कारण तो उडी मारतो. मागच्या बाजूला खरीं पाणवनस्पति, आणि बरोबरीचे दहा-अकरा. अशी पेटी भरल्यावर पहिले दोन दिवस ते कोपऱ्यांत गोळा होऊन राहतील. तिसऱ्या-चौथ्या दिवशीं ते पेटी आपली मानूं लागतील, आणि मग सकाळीं दाणा टाकतांना घरांतल्या मुलांना जें दिसेल तें सहा जोड्यांच्या पेटींत कधींच दिसत नाहीं: एक दचकला कीं बारा कसे दाटतात, दाणा संपला कीं कसे पांगतात, पुढें कोण जातो, तोच नेहमीं पुढें असतो कीं पाळीपाळीनें. शेवटच्या प्रश्नावर वही घेऊन बसलेलें एखादें मूल त्या घराला मिळालें, तर पेटीची किंमत वसूल झाली.

दुकानदारांना मात्र या बाबतींत मोकळें सोडतां येत नाहीं. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटांत काय, कलकत्त्याच्या गॅलिफ स्ट्रीटवर काय, मद्रासजवळच्या कोळत्तूरला, जेथें घरोघर हे मासे पैदा होतात, तेथें काय, विकणाऱ्याला हा मासा थव्याचा आहे हें पुरतें ठाऊक असतें. त्याच्या स्वतःच्या हौदांत तो शेंकड्यांनीं असतो. गिऱ्हाईक दोन मागतें म्हणून तो दोन देतो, आणि वर सांगतो, "न्या साहेब, वाढतील." स्वित्झर्लंडांत २००८ सालच्या प्राणिरक्षणाच्या नियमांनीं समूहानें राहणाऱ्या प्राण्याला सजातीयांची सोबत देणें पाळणाऱ्यावर बंधनकारक केलें आहे. आमच्याकडे तसा कायदा होईल तेव्हां होवो. तोंवर ज्या दुकानावर "निऑन, झेब्रा व वाघपट्ट्या दहांच्या खालीं मिळणार नाहींत" अशी पाटी लागेल, त्या दुकानाचा पत्ता कळविणाऱ्या वाचकाचे आम्ही आभारी होऊं, आणि महिन्याचा दाणा तेथूनच आणूं.